बस नव्हती का?

प्रश्न अकरा वर्षांच्या पोराचा होता, आणि त्यात खवचटपणा अजिबात नव्हता. खवचट असता तर मी हसून सोडून दिला असता.

२५ जून २०२५. दुपारचे बारा. जेवणाच्या टेबलावर शेंगदाण्याच्या चटणीच्या बरणीला मोबाइल टेकवून आम्ही बापलेक अंतराळवीर शुभांशू शुक्लांचं उड्डाण बघत होतो. पानातली भाकरी गार होत होती आणि बायको आतून दोनदा ओरडून झाली होती. बारा वाजून एक मिनिटानं रॉकेट निघालं. पोराला एवढं कौतुक वाटलं नाही, त्यानं असली उड्डाणं शंभर पाहिलीत. मला मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, म्हणून मी बोलत सुटलो. एक्केचाळीस वर्षांनी आपला दुसरा माणूस वर चाललाय, पहिला, राकेश शर्मा, गेला तेव्हा मी सहावीत होतो, वगैरे. पोरानं विचारलं, ‘‘मग तो पहिला, खाली आल्यावर कुठं गेला?’’ मी भाव खात म्हटलं, ‘‘आपल्या ओझरला. मिगमध्ये, विमानाच्या कारखान्यात. ८७ ते ९२, टेस्ट पायलट होते.’’ पोरगा एकदम जागा झाला. तू तेव्हा कुठं होतास? पिंपळगावात. किती लांब? दहा-बारा किलोमीटर. भेटलास? नाही.

त्यानं थोडा विचार केला. बापाच्या काळी गावात काय काय नव्हतं याची लांबलचक यादी मीच त्याला वेळोवेळी ऐकवलेली आहे. टीव्ही नव्हता, फोन नव्हता, गॅस नव्हता. त्या यादीत बसवत त्यानं शांतपणे विचारलं, ‘‘बस नव्हती का?’’

बस होती. आग्रा रोडवरचं गाव, अर्ध्या-अर्ध्या तासाला लाल डबा. तेव्हापासून हा प्रश्न चपलेत खडा जावा तसा टोचतोय.

माझ्या लहानपणी दोन वेताळ होते. एक गावाबाहेरचा. ओढ्याच्या अलीकडे, निंबाखाली, शेंदूर फासफासून मूळचा आकार हरवलेला दगड. त्याला अमावस्येला नारळ, आणि लग्नाची वरात तिथून गेली तर पानसुपारी. दुसरा जांभळ्या कपड्यातला, कमरेला दोन पिस्तुलं लावलेला, डोळ्यांवर काळी पट्टी, घोडा आणि लांडगा पाळणारा. हा ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून यायचा. मूळचा अमेरिकेतला फँटम, पण मराठीत त्याचं बारसं वेताळ म्हणून झालं होतं, आणि ज्यानं कुणी ते केलं त्याला निंबाखालच्या दगडाची कल्पना असणार असं मला आजही वाटतं. कारण कितीतरी दिवस मला हे दोघं एकच वाटायचे. आजी म्हणायची, तिन्हीसांजेला त्याचं नाव घेऊ नये. मी तिन्हीसांजेला चिमणीच्या उजेडात त्याचीच पुस्तकं वाचत असायचो. ‘‘कसलं वाचतोस?’’ तिनं विचारलं की ‘‘भूगोल’’ म्हणायचो. तसं ते फार खोटंही नव्हतं. डेंकालीचं जंगल मला निफाड तालुक्यापेक्षा जास्त पाठ होतं.

ही पुस्तकं मिळायची शिंप्याच्या दुकानात. एका भिंतीला पायजम्याची कापडं, दुसऱ्या भिंतीला सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली कॉमिक्स, आणि मधे शिलाई मशिनची खडखड. घरी न्यायचं तर दिवसाला दहा पैसे, तिथंच बाकड्यावर बसून वाचायचं तर पाच. पुस्तकांना खळ आणि ऑइलचा मिळून एक वास लागलेला असायचा. पानं चिंध्या झालेली. छपाईत रंग सरकलेले, त्यामुळे वेताळाचा जांभळा रंग त्याच्या अंगाबाहेर दोन सूत सांडलेला आणि जादूगार मॅंड्रेकच्या मिशीला एक तांबडी सावली. शिंपीकाका फाटलेली पानं मशिनवर शिवायचे. चिकटपट्टी नाही, चक्क टीप मारायचे. एका गोष्टीत चाच्यांचं जहाज नेमकं या टिपेत सापडलं होतं, आणि पुढं काय झालं ते कळायला दोऱ्याच्या फटीतून डोकवावं लागायचं.

सभासद व्हायला दोन रुपये अनामत. ते मी कसे जमवले ते सांगत बसत नाही, त्यात एका मामांचा आणि एका कोंबडीच्या अंड्यांचा संबंध आहे. पण ती नोट डोळ्यांसमोर आहे. लालसर, मऊ पडलेली, आणि तिच्या पाठीवर आर्यभट उपग्रह. जुन्या लोकांना आठवत असेल, दोनच्या नोटेवर तेव्हा आर्यभट होता. अनेक बाजूंचा एक डबा, त्याला दांड्या फुटलेल्या. शिंपीकाकांच्या गल्ल्यात ती नोट टाकताना मला वाईट वाटलं होतं ते पैशांचं नव्हतं. वेताळ मिळवायला मी उपग्रह गहाण टाकला होता.

तेव्हा हे कुठं माहीत होतं, की १९ एप्रिल १९७५ला रशियातून सोडलेल्या त्या ३६० किलोच्या डब्यातले प्रयोग वीज बिघडून चार-पाच दिवसांतच बंद पडले! आम्ही आर्यभट म्हणून अभिमानानं ज्याचं चित्र काढायचो तो वर प्रयोगांविनाच फिरत होता. शाळेत कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही चित्रं काढलीच असती.

आकाशाशी माझी पहिली ओळख मात्र भीतीची. जुलै १९७९, दुसरीत होतो. स्कायलॅब पडणार, स्कायलॅब पडणार. अमेरिकेनं वर पाठवलेली सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा, ती आता खाली येतेय आणि कुठं पडेल ते पाठवणाऱ्यालाही माहीत नाही. सत्त्याहत्तर टन म्हणजे किती, तर गावात हिशोब निघाला, कांद्याचे सात-आठ ट्रक. ते पिंपळगावावर पडणार. एवढी मोठी पृथ्वी सोडून आमच्याच गावावर का, असं कुणी विचारलं नाही. उलट आपल्यावर पडणार यात थोडी प्रतिष्ठाच होती. समोरच्या आळीत एकांनी ‘‘मरायचंच तर खाऊन मरू’’ म्हणून दोन कोंबडे कापले, आणि ११ जुलैनंतरही सगळे जिवंत राहिल्यावर त्यांच्या घरात नवरा-बायकोचं जे वाजलं ते आळीनं ऐकलं. आजीनं मला दोन रात्री माळ्याखाली झोपवलं, कौलांतून आलं तर आधी माळा लागेल म्हणून. सत्त्याहत्तर टनांपुढं तिचा माळा! ती स्कायलॅब गेली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात, आणि तिथल्या एका गावच्या कारभाऱ्यांनी कचरा केल्याबद्दल नासाला चारशे डॉलर दंड लावला. हे फार नंतर वाचलं तेव्हा ते गाव मला एकदम आमच्या तालुक्यातलं वाटलं.

वर्गातल्या एका जाड्या पोराला ‘स्कायलॅब’ नाव पडलं. तो आता द्राक्षं निर्यात करतो. नाव कायम आहे.

तर अशा मनाच्या पोराला ३ एप्रिल १९८४च्या संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, की राकेश शर्मा नावाचा आपल्या हवाई दलातला माणूस बैकानूरहून सोयूझ टी-११मध्ये बसून दोन रशियनांबरोबर वर गेला. परीक्षा तोंडावर होती. वडील अंगणात बाजेवर, हातात पानाचा डबा, मी पायरीवर. वडील म्हणाले, ‘‘गेला.’’ एवढंच. माझे वडील पाऊस पडला तरी ‘‘आला’’ एवढंच म्हणत. पण त्या दिवशी त्यांनी चुना लावलेलं पान हातात तसंच धरून ठेवलं होतं, बातम्या संपेपर्यंत.

माझ्या डोक्यात अंतराळवीर म्हणजे फ्लॅश गॉर्डन होता. तोही शिंपीकाकांच्या सुतळीवरचाच. सोनेरी केस, छाती पुढं, रॉकेटला मागं पंख, मोंगो ग्रहावर उतरताच मिंग नावाच्या दुष्ट राजाशी झटापट. शर्मांचा फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आला तो वेगळाच. शिरस्त्राण, आत गोल चेहरा आणि जाड मिशी. आमच्या पोस्टमनला अशीच मिशी होती. मी तो फोटो कापून वहीत डकवला, पण खरं सांगायचं तर थोडा हिरमुसलो. यानात तिघं गुडघे पोटाशी घेऊन बसतात म्हणे. जीपच्या मागच्या बाकावर बसतात तसे. उतरतानाही रुबाबात नाही. तो गोळा छत्रीला लटकत कझाकस्तानच्या माळावर येऊन धपकन पडतो आणि आतल्या माणसाला लोक धरून बाहेर काढतात. ही काय स्वारी झाली?

आणि तरीही त्या आठ दिवसांत मी वेताळाचं एकही पुस्तक आणलं नाही. शर्मा वर शिरा खातात, योगासनं करतात, भारताचे फोटो काढतात. इंदिराबाईंनी विचारलं, वरून भारत कसा दिसतो, तर ‘सारे जहाँ से अच्छा’. या उत्तराचं सगळ्या देशाला कौतुक. मला आणि दिलीपला मात्र त्यातली फोटोंची बातमीच महत्त्वाची वाटली. फोटो काढतायत म्हणजे आपण दिसणार. दिसण्यासाठी काहीतरी मोठं आणि पांढरं पाहिजे. आजीचं एक नऊवारी लुगडं होतं, धुऊन धुऊन पांढुरकं झालेलं. ते आम्ही दिलीपच्या घराच्या गच्चीवर पसरलं, चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्या आणि शेजारी उताणे पडून राहिलो. एप्रिलचं ऊन. गच्ची इतकी तापलेली की पाठ आळीपाळीनं उचलावी लागायची. दिलीप म्हणाला, हसू नको, फोटो हलेल. किती वेळ पडलो होतो कोण जाणे. आजी शोधत आली, लुगडं ओळखलं, आणि कारण ऐकल्यावर शिव्या द्यायच्या ऐवजी वर बघत पदर सावरला. तो तिनं का सावरला हे मला तेव्हा कळलं नाही.

माझ्या आयुष्यात मी कुणाला दिसावं म्हणून एवढं मनापासून पुन्हा कधी पडून राहिलो नाही.

मग १९८७ आलं. मी दहावीत. दिलीपचे वडील ओझरला कामाला होते. विमानाच्या त्या कारखान्याला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सला, आमच्याकडं कुणी एचएएल म्हणत नाही, ‘मिगमध्ये’ म्हणतात. कारखाना मिग, वसाहत मिग, बसथांबाही मिग. ते कारखान्याच्या बसनं संध्याकाळी उतरायचे, हातात रेक्झिनची पिशवी आणि तिच्यात रिकामा डबा. एके दिवशी ओट्यावर चहा पिता पिता म्हणाले, ‘‘राकेश शर्मा आलेत आमच्याकडं. टेस्ट पायलट.’’ आम्ही दोघं उडालोच. ‘‘काका, तुम्ही बघितलं?’’ ‘‘अजून नाही. आमचं शॉप वेगळं. पण सकाळी एक उडालं ना, त्यात असतील.’’ आणि बशीत चहा ओतून फुर्रर केलं.

त्यात असतील! तोवर ओझरचं विमान म्हणजे आमच्याकडं ऋतू होता. मिग-२१ गेलं की हंबरणाऱ्या गाई गप्प व्हायच्या, मास्तर खडू हातात धरून थांबायचे, आवाज सरला की वाक्य पुढं सुरू. त्या आवाजाची एक गंमत असते. जिकडून आवाज येतो तिकडं बघावं तर विमान नसतं. ते कधीच पुढं गेलेलं असतं. हे आमच्या गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पाहुणे मात्र हमखास चुकीच्या जागी बघत राहायचे. आता त्या आवाजात माणूस बसला. बारावीच्या उन्हाळ्यात आमच्या कांदाचाळीत कांदा भरायचं काम चाललं होतं, मी पाटीनं कांदा ओततोय, नाकातोंडात टरफलं, डोळ्यांतून पाणी, आणि वरून एक गेलं. मी पाटी तशीच धरून उभा. ज्यानं रशियाच्या सॅल्यूत-७ या अंतराळस्थानकातून हा देश पाहिला तो माणूस आत्ता या चाळीवरून गेला असेल. असेल. नसेलही. तिथं टेस्ट पायलट काही एकटे तेच नव्हते. पण मला त्या पाच वर्षांत एकही विमान दुसऱ्या कुणाचं वाटलं नाही.

मग गेलो का नाही?

एकदा निघालो होतो. अठ्ठ्याऐंशीची दिवाळीची सुट्टी. मी आणि दिलीप, केस पाणी लावून बसवलेले, पिशवीत ती फोटो डकवलेली वही. सही घ्यायची. स्टँडवर उभे राहिलो. एक बस आली, कंडक्टर दारातून ओरडला, नाशिक, ओझर, नाशिक. आम्ही एकमेकांकडं बघितलं. गर्दी आहे, पुढची घेऊ. पुढची आली, ती रिकामी होती. दिलीप म्हणाला, ‘‘काय बोलायचं पण?’’ मी म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, हिंदीत बोलावं लागेल. यावर मात्र आम्ही दोघंही गार झालो. आमचं हिंदी म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं आणि सिनेमातलं. पहिल्यात ‘महोदय’ आणि दुसऱ्यात ‘अबे’. मधलं काही येत नव्हतं. अंतराळात जाऊन आलेल्या माणसाशी मधलंच हिंदी बोलावं लागणार. त्यात गेटवरचा वॉचमन, पास कुठाय, कुणाकडं काम आहे. तिसरी बसही गेली. आम्ही वीस पैसे कमी पडत असताना घासाघीस करून एक भेळ घेतली, कागद चाटून पुसून खाल्ली, आणि घरी आलो. दिलीपच्या आईनं विचारलं, झाली का भेट? दिलीप म्हणाला, ते वर गेले होते.

मी बरीच वर्षं हीच कारणं स्वतःला सांगत आलो. हिंदी, वॉचमन, गर्दी. पोराच्या प्रश्नानंतर रात्री पडल्यापडल्या कळलं, की हे सगळं खरं असलं तरी कारण ते नव्हतं. वेताळाच्या गोष्टीत एक गुपित असतं. जंगलातले लोक त्याला अमर समजतात, चारशे वर्षं हाच एक वेताळ. वाचकाला तेवढं माहीत असतं की बाप मेला की मुलगा तो पोशाख चढवतो, आणि आत्ताचा हा एकविसावा. आम्ही ते गुपित कळलेल्या शहाण्यांच्या बाजूचे होतो, त्याचा आम्हाला माज होता. पण शर्मांच्या बाबतीत मला जंगलातला माणूसच राहायचं होतं. गेटमधून ते सदरा-पँटीत बाहेर आले असते, खिशाला पेन, कुणाला तरी वेळ विचारत, तर माझ्या चाळीवरून जाणाऱ्या विमानात मग कोण बसलं असतं? गुहेच्या तोंडाशी जाऊन मी परत आलो होतो. आणि भेळ खाल्ली होती.

अर्थात ही आजची, पन्नाशीची अक्कल. त्या वेळी नुसती भीती वाटली होती. तिला मी एवढा चांगला सदरा शिवलाय, म्हणजे शिंपीकाकांच्या दुकानात बसल्याचा काहीतरी उपयोग झाला.

पुढं सगळं पांगत गेलं. १९९०मध्ये ‘इंद्रजाल’ बंद पडलं. मी तोवर कॉलेजला नाशकात आलो होतो, मला ते कळलंही नाही. फेब्रुवारी १९९२मध्ये आर्यभट वातावरणात शिरून जळून गेला, त्याच वर्षी शर्मा ओझर सोडून बंगळुरूला गेले. या तारखा मी आत्ता शेजारी शेजारी मांडतोय, त्या काळात एकीचंही सोयरसुतक नव्हतं. मी तेव्हा कुणा एका मुलीच्या बसची वेळ पाठ करण्यात गुंतलो होतो. ती बस मी एकदाही चुकवली नाही. शिंपीकाकांनी रेडिमेड कपडे आल्यावर दुकान आवरलं. पुस्तकांचं काय केलं विचारलं तर म्हणाले, किलोवर गेली. आज त्यातल्या एकेका पुस्तकाला जुन्या पुस्तकांचे शौकीन काय भाव देतात ते त्यांना सांगायला ते नाहीत. माझे दोन रुपये त्यांच्याकडं जमाच राहिले.

गेल्या दिवाळीत पिंपळगावी गेलो होतो. फराळ झाला, उन्हं उतरायला आली होती. पोराला म्हटलं, चल, येतोस का ओझरला? त्यानं गाडीची किल्ली आणून दिली. म्हटलं, बसनं. त्याला आधी ती गंमत वाटली, मग स्टँडवरचा वास आल्यावर जरा कमी वाटली. बस आली. कंडक्टरनं कमरेचं मशीन पुढं केलं. ‘‘मिग,’’ मी म्हटलं, ‘‘एक फुल, एक हाफ.’’ त्यानं वर न बघता दोन बटणं दाबली, चिठ्ठी टर्रकन फाडून दिली. सदतीस वर्षं अडलेलं काम तेवढ्यात झालं. रस्ता आता सहापदरी, बस उड्डाणपुलावरून जाते की खालून याची आधी चौकशी करावी लागते. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, काहींवर प्लास्टिक ओढलेलं. पोरगा खिडकीशी बसून उन्हात चमकणारं ते प्लास्टिक बघत होता. म्हणाला, ‘‘हे वरून दिसत असेल.’’ मी त्याला लुगड्याची गोष्ट सांगितली नव्हती.

उतरलो. रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. आता इथं सुखोई बनतात, पोराला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो मान वर करून बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आकाश स्वच्छ, एक घार सोडली तर काही नाही. टपरीवाल्याला विचारलं, आज विमान नाही का? त्यानं रसाचे ग्लास पुसत माझ्याकडं असं बघितलं, की मी पाहुणा आहे हे त्याला कळलं.

‘‘रविवार आहे ना,’’ तो म्हणाला.

दोन रस घेतले, एक बिनबर्फाचा. परतीची बस सात मिनिटांत आली. पोरानं मोबाइलवर वेळ लावून मोजली होती.